कड्यावरची माकुडी, गॅलरीतल्या डब्यात

आपल्यापैकी बहुतेकांची घरे लहान. अंगण नाही, परसदार नाही. असलीच तर हातभर रुंदीची गॅलरी, नाहीतर खिडकीची जाळी. तरीही कोरफड, ओवा, सदाफुली, मनीप्लँट यांतले काहीतरी रंगाच्या नाहीतर तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेले असतेच. दिवसभर राबून आलेल्या माणसाला तेवढ्या हिरव्या रंगाने बरे वाटते. अशाच एखाद्या डब्यात सहज मावेल आणि वर्षानुवर्षे टिकेल अशा एका आगळ्या वनस्पतीची ओळख आज करून घेऊ. ती परदेशातून आलेली नाही. ती आपल्या महाराष्ट्राची आहे आणि महाराष्ट्राबाहेर निसर्गात कुठेही उगवत नाही. तिचे शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डोंगराकडची माणसे तिला शिंदळ माकुडी म्हणतात. नाव काही कौतुकाने ठेवलेले दिसत नाही, म्हणून आपण तिला नुसती माकुडी म्हणू.

ओळख करून देण्याआधी एक चूक कबूल करते, कारण ती चूक पुष्कळ घरांत होण्याजोगी आहे.

आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंनी एका जूनमध्ये मला माकुडीची मुळे धरलेली फांदी दिली. पावसाळाभर ती छान वाढली. सप्टेंबरात तिला तांबूस तपकिरी रंगाची चांदणीसारखी दोन फुले आली. सासूबाई शेजारणींना बोलावून बोलावून दाखवीत. पुढे जानेवारी उजाडला आणि पाने पिवळी पडून गळू लागली. सासूबाईंचा जीव कळवळला. "लेकराला ताप आला की आपण पाणी पाजतो, तसंच हे," असे म्हणून त्या सकाळी एक तांब्या आणि संध्याकाळी एक तांब्या ओतू लागल्या. मीही त्यांना अडवले नाही. फेब्रुवारीत बुडाशी फांदी काळी आणि मऊ पडली. मार्चमध्ये आम्ही डबा कचऱ्यात रिकामा केला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंकडे गेले तर त्यांच्या कुंडीतल्या उघड्यावाघड्या काड्यांना पोपटी पाने फुटलेली. मी आमच्या रोपाची हकिगत सांगितली. त्या हसल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अगं, ती मेली नव्हती. झोपली होती. तुम्ही तिला बुडवलीत."

माकुडी वाढवणाऱ्याने पहिल्यांदा शिकायचे ते हेच. पाने गळाली म्हणजे झाड गेले, असे समजायचे नाही.

दिसते कशी?

माकुडीच्या फांद्या करंगळीएवढ्या जाड, गोल, रसदार आणि करड्या हिरव्या रंगाच्या असतात. त्या उभ्या न राहता पसरतात आणि खाली लोंबतात. पाने लांबट अंडाकृती, जाडसर आणि मऊ. फूल साधारण रुपयाच्या नाण्याएवढे. त्याला पाच टोके, रंग गडद तांबडा, त्यावर पिवळे ठिपके आणि कडेला बारीक केस. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा फुलण्याचा काळ.

आपल्या ओळखीच्या रुईचे आणि हिचे कूळ एकच. फरक एवढाच की रुईचे पान तोडले की पांढरा चीक येतो, हिच्यातून पाण्यासारखा रस येतो. माळावर आढळणारी माकडशिंगी तर हिची जवळची बहीण. या पोटगटातल्या बहुतेक झाडांना पाने नसतात, किंवा असली तरी खवल्याएवढी. नुसत्या हिरव्या काड्यांवर ती जगतात. माकुडीला मात्र चांगली मोठी पाने येतात. म्हणूनच जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना तिचे कुतूहल वाटत आले आहे.

शास्त्राच्या पुस्तकात तिची नोंद 1860 च्या दशकात झाली. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात काम करणारे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल डॅलझेल यांना ती जुन्नरच्या परिसरात मिळाली. तेव्हा सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर होते. 1862 ते 1867 हा त्यांचा कार्यकाळ. त्यांच्याच नावावरून डॅलझेलने वनस्पतीला फ्रेरिया हे नाव दिले. मुंबईत बंदराकडेने जाणाऱ्या रस्त्यालाही पूर्वी फ्रिअर रोड म्हणत. आज तो गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांच्या नावाने ओळखला जातो. रस्त्याचे नाव बदलले, झाडाला मात्र गव्हर्नरसाहेबांचे नाव चिकटून राहिले. अलीकडे काही शास्त्रज्ञ तिला बोसेरोशिया या गटात घालतात, पण फ्रेरिया हेच नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

तिचे घर कड्यावर

माकुडी सपाट जमिनीवर वाढत नाही. सह्याद्रीच्या उभ्या कातळाच्या भेगांत, मूठभर मातीत ती रुजते. जुन्नरचा शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, साताऱ्याचा सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर तिची नोंद आहे.

जुन्नर म्हटले की आपल्याला लेणी आठवतात. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यात दोन हजार वर्षांपूर्वीपासून भिक्खूंसाठी कोरलेली बौद्ध लेणी आहेत. ती कोणा एका राजाने कोरवलेली नाहीत. बांबूचे काम करणारे, काशाची भांडी घडवणारे, धान्याचा व्यापार करणारे अशा कष्टकरी आणि व्यापारी मंडळींच्या श्रेणींचे उल्लेख तिथल्या शिलालेखांत आहेत. मानमोडीच्या एका लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजासाठी वीस निवर्तने आणि वडासाठी नऊ निवर्तने जमीन दिल्याची नोंद आहे. ही जमीन झाडे लावण्यासाठी दिली, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. झाडासाठी दान देणारी माणसे त्या डोंगरांनी पाहिली आहेत.

लेण्यांजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आपण पाहतो. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. चार महिन्यांचा पाऊस त्यांत साठवायचा आणि उरलेले आठ महिने पुरवून वापरायचा, हा त्या कड्यावर राहण्याचा रिवाज होता. माकुडीचे जगणेही याच रीतीचे. तिची पोढी म्हणजे तिची फांदी.

आज या झाडाचा समावेश धोक्यात आलेल्या वनस्पतींमध्ये होतो. मुळात ठिकाणे थोडी. त्यात उन्हाळ्यात गवताला लागणारे वणवे, चरणारी गुरे, कोसळणाऱ्या दरडी आणि दुर्मीळ झाड म्हणून उपटून नेणारे हौशी लोक. कातळाच्या भेगेतले एक झुडूप उपटले की त्या जागी दुसरे येईलच याची खात्री नसते.

पाने गळाली तरी जगते कशी?

प्रत्येक झाडाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांतून झाड हवा आत घेते, पण त्याच वाटेने पाणीही उडून जाते. बहुतेक झाडे ही छिद्रे दिवसा उघडी ठेवतात. निवडुंगासारखी कोरड्या प्रदेशातली झाडे मात्र दिवसा ती मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला कार्बन वायू आम्लाच्या रूपात साठवून दिवसाच्या उजेडात त्याचे अन्न करतात. त्यामुळे पाणी फार वाचते.

माकुडीत या दोन्ही तऱ्हा एकत्र आहेत. लांगे आणि झुबर या शास्त्रज्ञांनी 1977 साली ते दाखवून दिले. तिची पाने साध्या झाडासारखी दिवसा काम करतात आणि फांद्या निवडुंगासारख्या रात्री. पावसाळ्यात पाणी मुबलक, तेव्हा पाने भराभर अन्न तयार करतात. पाऊस संपला की एवढे पाणी उडवणारी पाने परवडत नाहीत, म्हणून झाड ती गाळते आणि नुसत्या फांदीवर उन्हाळा काढते. पगार थांबला की घरातली बाई आधी वरखर्च बंद करते, तसेच हे. तो आजार नाही, तो काटकसरीचा संसार आहे. अशा वेळी मुळाशी पाणी ओतले तर ते प्यायला पाने नसतात. माती ओली राहते, मुळे कुजतात आणि कूज फांदीत चढते. आमच्या घरी नेमके हेच झाले.

लागवड कशी करावी?

माकुडी बियांपासून येते, पण घरी फांदी लावणे सर्वांत सोपे. मे अखेर ते जुलै हा काळ उत्तम.

बोटभर लांबीची, चार इंचांपर्यंतची निरोगी फांदी धारदार स्वच्छ पात्याने कापावी. लगेच मातीत खोचू नये. सावलीत, कागदावर पाच ते सात दिवस तशीच ठेवावी. कापलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरली की मग लावावी. ओली जखम मातीत गेली तर फांदी हमखास कुजते.

माती पाणी धरून ठेवणारी नको. नुसती काळी माती तर अजिबात नको. दोन भाग जाडी वाळू, बारीक खडी किंवा विटांचा चुरा आणि एक भाग चाळलेली माती व चांगले कुजलेले शेणखत, असे मिश्रण करावे. डोंगरातला मुरूम मिळाला तर वाळूऐवजी तोही चालतो. समुद्राची खारी वाळू वापरू नये.

कुंडी मातीची असेल तर उत्तम, कारण तिच्या अंगातून ओलावा निघून जातो. पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा असेल तर बुडाला खिळ्याने सात-आठ भोके पाडावीत आणि वर खापऱ्यांचा थर द्यावा. डबा फार मोठा घेऊ नये. मोठ्या डब्यात माती लवकर सुकत नाही. फांद्या लोंबणाऱ्या असल्याने डबा तारेने टांगला तर झाड अधिक शोभते आणि गॅलरीतली जागाही अडत नाही.

फांदीचे बूड एक-दीड इंच मातीत जाईल अशी ती लावावी, लागल्यास काडीचा आधार द्यावा. पहिले तीन-चार दिवस पाणी देऊ नये. नंतर माती जेमतेम दमट राहील इतपत शिंपडावे. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. धरली की नाही हे पाहण्यासाठी उपटून बघण्याची घाई करू नये. नवे पान फुटले की समजावे.

पाण्याचे वेळापत्रक

जून ते सप्टेंबर हा वाढीचा काळ. वरची माती सुकली की भरपूर पाणी द्यावे, पण ते बुडाच्या भोकांतून निथळून गेले पाहिजे. खाली बशी ठेवली असेल तर तिच्यातले पाणी ओतून टाकावे. मुंबई-कोकणातल्या झडीच्या पावसात डबा वळचणीच्या आत घ्यावा. कड्यावरही तिला पाऊस लागतो, पण तिथे पाणी मुळाशी थांबत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून एकदा पाणी पुरे.

डिसेंबर-जानेवारीत पाने पिवळी पडू लागली की पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही थोडे.

फेब्रुवारी ते मे ती निजलेली असते. तीन-चार आठवड्यांनी चार-पाच चमचे पाणी संध्याकाळी द्यावे, इतकेच. फांद्या थोड्या सुरकुततात, घाबरू नये. फांदी दाबून पाहावी. टणक लागली तर झाड जिवंत आहे. मऊ आणि काळी लागली तरच धोका.

पहिला पाऊस पडला, नवी पाने डोकावली की पुन्हा पाणी वाढवावे. घरात पाणी घालणारे हात अनेक असतील तर डब्यावर खडूने लिहून ठेवावे. आमच्या डब्यावर सध्या मुलीने लिहिले आहे, "झोपली आहे, उठवू नका."

ऊन, खत आणि रोग

सकाळचे तीन-चार तास ऊन मिळणारी पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. वैशाखातल्या दुपारचे कडक ऊन पत्र्याच्या डब्यावर पडू देऊ नये, मुळे भाजतात. उजेड कमी पडला तर फांद्या बारीक आणि लांबोड्या होतात, फुले धरत नाहीत.

खताची हाव नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला मूठभर जुने शेणखत किंवा गांडूळखत वर्षभर पुरते. दोन-तीन वर्षांनी जूनच्या तोंडावर माती बदलावी.

मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की समजावे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसून काढावेत. स्पिरिट नसेल तर साबणाचे सौम्य पाणी लावावे आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुवावे. माती बदलताना मुळांवर पांढरी भुकटी दिसली तर तीही हीच कीड असते. मुळे धुऊन, सुकवून नव्या मातीत लावावीत.

कूज लागली तर काळा भाग सोडून वर, आतून स्वच्छ हिरवी दिसेपर्यंत फांदी कापावी. चांगला भाग आठवडाभर सुकवून पुन्हा लावावा. बूड गेले तरी शेंड्यापासून झाड वाचते. त्या फेब्रुवारीत हे ठाऊक असते तर आमचे रोप वाचले असते.

फूल आणि माशी

माकुडीच्या फुलाला सुगंध म्हणावा असा वास नाही. तिला भुंगे-फुलपाखरे नकोतच, तिचे काम माश्या करतात. रुईप्रमाणे हिचेही पराग सुटे नसून पुंजक्यांत बांधलेले असतात. माशी फुलावर आली की ते पुंजके तिला चिमट्यासारखे अडकतात आणि दुसऱ्या फुलावर पोचतात. जमले तर शिंगांसारख्या जोडशेंगा धरतात. त्या तडकल्या की रेशमी शेपटी असलेल्या बिया वाऱ्यावर उडतात. घरी शेंग धरेलच असे नाही. पण फुलावर माशी बसली म्हणून ती हाकलू नये, हे मुलांना जरूर सांगावे. शाळेच्या पुस्तकातले परागीभवन घरच्या डब्यावर पाहायला मिळते.

कड्यावरून आणू नका

हा लेख वाचून कोणी शिवनेरीला जाऊन फांदी तोडून आणील, तर मी लिहिले ते वाया गेले असे समजेन. किल्ला संरक्षित स्मारक आहे, डोंगर वनखात्याचे आहेत. तिथून झाड उपटणे गुन्हा तर आहेच, शिवाय जे थोडे उरले आहे ते आपण आपल्या हाताने संपवण्यासारखे आहे. रसदार झाडांच्या रोपवाटिकांत आणि रोपांच्या प्रदर्शनांत फांदीपासून तयार केलेली माकुडी मिळते. विकत घेताना रोप कुठे तयार केले ते विचारावे. मुळे तुटलेली, फांदी खरवडलेली, दगडमाती चिकटलेली असेल तर ते डोंगरावरून ओरबाडलेले असण्याचा संभव असतो. असे रोप घेऊ नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एका झाडाच्या फांद्यांपासून शंभर रोपे केली तरी ती त्या एकाच झाडाची हुबेहूब नक्कल असतात. कड्यावर बियांतून उगवलेल्या प्रत्येक झुडपात थोडे वेगळेपण असते. रोगराई आली, हवामान बदलले, तर त्या वेगळेपणामुळेच काही झाडे तगतात. म्हणून आपली गॅलरी ही कड्याची जागा घेऊ शकत नाही. ती एवढेच करू शकते की हौसेपोटी कड्यावर जाणारा हात थांबवते. ज्याला माकुडी हवी त्याला ती शेजारच्या घरातून फुकट मिळाली, तर डोंगर कोण चढेल?

माझ्याकडे आता दुसरे रोप आहे. ताईंनीच पुन्हा फांदी दिली, या वेळी पाण्याचे वेळापत्रक तोंडपाठ करून घेऊनच दिली. ते रोप यंदा तिसरा उन्हाळा काढते आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या दोन फांद्या मी दिल्या. एक नणंदेला कल्याणला, एक मुलीच्या वर्गशिक्षिकांना. नणंदेचा फेब्रुवारीत फोन आला. काळजीने विचारत होती, "वहिनी, पानं सगळी गळाली, पाणी घालू का?"

फोन सासूबाईंनी घेतला होता. त्या म्हणाल्या, "नको गं बाई. दाबून बघ. टणक आहे ना? मग पावसापर्यंत थांब."